पुढच्या चाकाची एन्ट्री

व्हिसाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या आल्प्सच्या सायकल ट्रिपचं ऐका. स्वित्झर्लंडला वेगळा व्हिसा लागायचा तेव्हाची, म्हणजे २००८च्या आधीची गोष्ट. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसातले आम्ही तिघं, मी, संजय आणि तिथलाच इंग्रज मार्क. मुक्काम फ्रान्समधल्या डोंगरातल्या एका गावात. रूट मार्कने आखलेला. घाट चढायचा, पलीकडे स्वित्झर्लंडमध्ये उतरायचं आणि गोल फिरून गावात परत. आम्ही नुसतं 'येस, येस' म्हटलं. नकाशावर बॉर्डर कोण बघतंय!

तोंडाला फेस येईपर्यंत घाट चढलो. वर कस्टमची चौकी, पण आत चिटपाखरू नाही. मार्क न थांबता पलीकडे उतरला. संजयने कचकन ब्रेक दाबला.

"अरे, आपला व्हिसा फ्रान्सचा. तिकडचा वेगळा लागतो."

"इथे कोणी नाहीये रे," मी म्हटलं.

"आणि परत येताना असलं तर? आपली सिंगल एन्ट्री आहे, एकदा बाहेर पडलो की फ्रान्समध्ये परत घेणार नाहीत."

"नुसतं पुढचं चाक टेकवू?"

"चाकाची एन्ट्री धरली तर?"

मी सायकल दोन हात मागे घेतली. अलीकडे उभं राहून पलीकडच्या गायींचे फोटो काढले आणि आल्या वाटेने घाट उतरलो. पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, कंपनीचं पत्र, सगळं पाठीवरच्या पिशवीत होतं.

संध्याकाळी मार्क पोचला. "कुठे राहिलात? पंक्चर?"

"व्हिसा नव्हता," मी म्हटलं.

त्याचा चेहरा एकदम पडला. "म्हणजे तिकडे कागद लागतात? माझा तर पासपोर्टसुद्धा रूमवर होता."