हरभऱ्याची लाल गाठ

कथन : ठकूबाई, तालुका इंदापूर

माझा जलम कुठं झाला म्हणून इचारता, तर काय सांगू तुमाला ताई, आमच्या लोकास्नी गाव सांगता येतंय पर जलमाची जागा सांगता येत न्हाय. आई म्हणायची, निरेच्या कडंला एका बाभळीखाली तुझा जलम झाला आन् दुसऱ्या दिशी कळप हलला. कंची बाभळ ते तिलाबी ठाऊक न्हवतं. आमी धनगर, मेंढरं म्होरं आन् आमी मागं. पावसाळा हितं इंदापूर-बारामतीच्या माळावर काढायचा, दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायाचं, उन्हाळा सरता सरता पुन्यांदा हिकडं. लगीनबी तसंच झालं. एका कळपातनं उठले आन् दुसऱ्या कळपात गेले, एवढाच फरक.

आता मेंढरं बसवणं म्हंजी काय ते आदी सांगते, म्होरलं समदं त्याच्यावरच हाय. शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात रातच्याला कळप बसवायचा. मेंढरं लेंडी टाकत्यात, मुतत्यात, खुरानं ते मातीत तुडवत्यात, आन् म्होरल्या सालाला त्या रानाचं पीक बघून शेजारी जळतंय. त्याच्या बदल्यात शेतकरी आमास्नी दाणं द्यायचा. इंदापूरच्या बाजारात लोकं आबाच्या हाताला धरून च्या पाजायची, आबा म्हंजी माझा सासरा, आन् म्हणायची, आबा, अवंदा आदी माझ्यात बसवा बरं का, त्या फलाण्यात न्हाय. सगळ्या मुलखाची रानं आमी पिकवली, आन् आमच्या नावावर एक वाफा न्हवता, बघा.

माझी पहिली पोरगी घाटात गेली. ताप आला, रस्त्याच्या कडंला कोण वैद्य आन् कोण काय. तिला एका दगडापाशी ठिवली आन् आमी फुडं निघालो, कारण मेंढरं थांबत न्हाईत. म्होरल्या साली त्याच वाटंनं आलो तर मला ती जागा सापडंना. सगळं दगड सारखंच. आमचं मालक म्हणलं, चल, किती येळ हुडकतीस. मी चालले, पर तवापासनं मनात एकच, की दुसरं लेकरू व्हईल ते जिथं व्हईल तिथंच ऱ्हाईल, त्येची जागा मला दावता आली पायजे.

आन् दुसरी येळ मला दिस गेलं त्याच साली आबानं आमास्नी धक्का दिला. स्वराज्य येऊन सात-आठ वरसं झाली असत्याल. आबानं अर्धा कळप देऊन माळाचा एक तुकडा घेतला. कुणाला इचारलं न्हाय, सवरलं न्हाय. आत्या, म्हंजी माझी सासू, मटकन खालीच बसली. म्हणली, मेंढरं दिऊन दगुड घेतलं म्हाताऱ्यानं. लई दिस त्येच्याशी बोलली न्हाय ती, भाकर म्होरं सरकवायची आन् तोंड फिरवायची. आबा म्हणला, रानाच्या मालकाशी बोलणं झालंय. एक साल बघायचं. ह्या मातीनं दाणा दिला तर आपुन हितं ऱ्हायचं. न्हाय दिला तर माळ त्येचा त्येला, मेंढरं आपली आपल्याला, आन् पुन्यांदा रस्ता. मी चुलीपाशी ऐकत व्हते, माझा हात पोटावर गेला.

शेजारी एक तात्या व्हता, माळी. हिरीवर मोट, वांगी, मिरची, घेवडा, समदा भाजीपाला काढायचा आन् गाडी भरून बारामतीला न्यायचा. माणूस चांगला, पर बोलायला फटकळ. त्यानं आबाला सांगितलं, पैल्या साली हरभरा घे, त्येला पाणी लागत न्हाय. बियाणंबी त्यानंच दिलं. आन् आणिक एक गोष्ट सांगितली, ती ऐकून आत्या पदर लावून हसली. म्हणला, ह्या माळावर कवा हरभरा झाला न्हाय, तवा माझ्या जुन्या हरभऱ्याच्या रानातली माती पाट्यांनी न्या आन् तुमच्या रानात इस्कटा. इरजण लागतंय मातीला. माझा बा असंच करायचा. दुधाला इरजण ठाव हाय आमास्नी, मातीला इरजण कुणी ऐकलं व्हतं? पर आबानं ऐकलं. मी आन् आत्यानं डोक्यावरनं पाट्या वाहिल्या.

पेरायच्या आदी आमची उरलेली मेंढरं आमच्याच रानात बसवली. जल्मात पैल्यांदा आपल्या मेंढराची लेंडी आपल्या मातीत पडली. आबा सकाळी रानातनं अनवाणी हिंडायचा. पर निम्म्या रानातच बसवून झाली, तवर वापसा आला, माती पेरायजोगी झाली. मग तात्याच्या मातीच्या पाट्याबी आमी त्याच निम्म्यात वतल्या, वरलं निम्मं कोरडंच ऱ्हायलं. दिवाळी झाली, आमचं मालक कळप घिऊन कोकणात गेलं. मागं मी, आत्या आन् आबा.

हरभरा उगवला. कोरड्या अंगाचा पिवळसर, खुरटा. आन् बसवल्या अंगाचा, ताई, काळाभोर. सकाळच्याला पानावर आंब धरायची, आंबट दहिवरच म्हणा, मी बोटं फिरवायची आन् चाटायची. डोहाळं लागलं व्हतं ना. आत्या म्हणायची, पीक खातीस का पीक पिकवतीस. पर तीबी बोलाय लागली व्हती आबाशी.

फुलं धरायच्या सुमाराला एक दिस तात्या बांधावर आला. पीक बघून खूश झाला, आन् सहज एक झाड उपटलं. ओली माती, मुळ्यासकट वर आलं. तात्यानं माती झटकली आन् त्येचं तोंडच उतरलं. आबा म्हणला, काय झालं? तात्यानं दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. सगळ्या मुळ्यांना गाठी. बारीक बारीक, झुपक्यानं. तात्या म्हणला, आबा, घात झाला. हा गाठीचा रोग. माझ्या बाचं वांग्याचं आख्खं रान ह्येच्यात गेलं. मुळी सुजती, झाड बसतंय, आन् एकदा मातीत शिरला की जात न्हाय. आत्ताच्या आत्ता समदं उपटा आन् जाळा, माझी वांगी लागूनच हाइत.

मी गार पडले.

आत्या कोरड्या अंगाला पळाली, तितलं झाड उपटून आणलं. त्येच्या मुळीला गाठ न्हाय. असली तर एखादी, मोहरीएवढी. मग काय, तात्या म्हणला, बघा, लेंडी पडली तितंच रोग. ह्यो रोग तुमच्या मेंढरानं आणला. आत्या खवळली, म्हणली, लेंडी आमी समद्या मुलखाला दिली, कुणाला रोग झाला? तुमच्या मातीनं आणला रोग, इरजण म्हणं इरजण. तात्या म्हणला, माझ्या मातीला नाव ठिऊ नगा. दोघं हातवारं करून भांडत्यात आन् आबा नुसता उभा. त्येच्या ध्यानात आलं व्हतं ते आमच्या आलं न्हवतं. येणाऱ्या बाजाराला इंदापुरात गवगवा झाला असता की धनगराच्या लेंडीनं मुळ्या सडत्यात, तर आमचा कळप कुणी बांधाच्या आत घेतला नसता. म्हंजी रानबी गेलं आन् मेंढरं बसवायचंबी गेलं. मागं फिरायला रस्तासुदिक उरला न्हाय.

आन् आबा वाकला, त्यानं उपटाया सुरवात केली. आत्या रडत रडत त्येच्या मागं. तात्याबी उपटाया लागला, त्येलाबी वाईट वाटत व्हतं, त्येच्या डोळ्याला पाणी व्हतं, मी बघितलंय. फुलावरलं पीक, आंबीनं हात चिकट, आन् बांधावर ढीग पडतोय. मला वाकता येत न्हवतं, मी ढिगापाशी बसले. काय वाटलं मला, राग आला, एक मुळी घेतली आन् त्या गाठी नखानं तोडाय लागले. म्हणलं, तुमीच माझ्या लेकराची जागा खाल्लीसा. एक गाठ बोटात धरून चिरडली.

आन् बोट लाल झालं. रगत, ताई. झाडाच्या मुळीतनं रगत.

म्या नुसता हात वर केला. आत्या पळत आली, तिला वाटलं माझं काय झालं का काय, पोटुशी व्हते मी. म्या दुसरी गाठ फोडली, तीबी आतनं लाल. आत्यानं तोंडाव हात ठिवला. म्हणली, अगं बया, मातीला रगत हाय. तात्यानं पायतान काढलं आन् मागं सरला. जल्म मातीत गेला त्येचा, पर त्यानं हे बघितलं न्हवतं. बघणार कसं, हरभरा वाळल्याव उपटत्यात, तवर गाठी वाळून गळत्यात, आन् खायाला ओला डहाळा उपटला तरी गाठी मातीतच तुटून ऱ्हात्यात.

तात्या म्हणला, हे लक्षाण बरं न्हाय, नरसिंहपूरला जाऊन देवाला इचारा. आत्या म्हणली, चला आत्ताच. पर आबा माझ्याम्होरं उकिडवा बसला, माझं बोट धरलं आन् लई येळ बघितलं. मग तात्याला म्हणला, तुझ्या वांग्याची गाठ आण. रोगाची. तात्या म्हणला, कशाला? आबा म्हणला, आण म्हणतो ना.

तात्या एक मरतुकडं वांगं उपटून घिऊन आला. त्येची मुळीच सुजलेली, गाठ तोडाया जावं तर मुळी तुटती. हरभऱ्याची गाठ तशी न्हवती, कडंला चिकटलेली, नखानं सुटायची. आबानं वांग्याची गाठ चिरडली. आतनं पांढरी फटक.

मग आबा बोलला. म्हणला, तात्या, मला शेती कळत न्हाय, मेंढरू कळतंय. मेंढराला आतनं रोग हाय का ते बघायचं तर आमी त्येच्या डोळ्याची खालची पापणी वढून बघतो. आत लाल दिसली तर मेंढरू चांगलं. पांढरी दिसली तर पोटात किडं रगत पित्यात. हे लाल हाय. तात्या म्हणला, अरं, झाड म्हंजी मेंढरू हाय का? आबा म्हणला, न्हाय. पर रोगानं रगत आटतंय, वाढत न्हाय. म्या उपटणार न्हाय आता. तुझ्या वांग्याला काय झालं तर ह्यो माळ तुझा.

हे ऐकून आमी तिघंबी हबकलो. माळ तात्याचा म्हंजी काय, आमच्या हातात काय ऱ्हायलं? बसवल्या रानातलं निम्मं पीक तर उपटून झालंच व्हतं. आत्या म्हणली, म्हाताऱ्याला याड लागलं. मला रातीला झोप यायची न्हाय, उजाडलं की पैल्यांदा तात्याची वांगी बघून यायचे, मग तोंड धुवायचे.

मग ग्रामसेवक आला, नवीनच नेमलेला, सायकलीवर. तात्यानंच आणला त्येला. त्यानं गाठ फोडली, बघितली, आन् हसला. म्हणला, आबा, ह्या गाठीत जंतू हायती. आत्या किंचाळलीच. तो म्हणला, भिऊ नगा, हे चांगलं जंतू. ते हवंतलं खत वढून झाडाला देत्यात, आन् मातीतबी मागं ठिवत्यात. जुन्या रानातल्या मातीतनं ते आलं आन् लेंडीखतानं माती मऊ झाली, जित्ती झाली, म्हणून त्यांचं बळ वाढलं. लाल हाय म्हंजी कामाव हायती. आत्या म्हणली, जंतू चांगलं असत्यात व्हय? पटकीचं जंतू ठाव हायती आमास्नी. ते ऐकून तो पोरगा पोट धरून हसला. आन् तात्या, ताई, तो तिथंच खाली बसला आन् उपटलेल्या ढिगाकडं बघत ऱ्हायला. मग म्हणला, आबा, म्या तुझं उभं पीक जाळाया निघालो व्हतो. आबा म्हणला, निम्मं माझ्या हातानं उपटलंय, तुझ्या न्हाय.

उरलेल्या पिकानं दाणा दिला. लई न्हाय, पर घाटं टचटचीत, आन् आबानं पैली वंजळ आत्याच्या पदरात घातली. उन्हाळा सरता सरता मालक आलं तवा मी त्या माळावरच्या छपरात बाळंत झालेले व्हते. तो थोरला. त्येची जागा मी तुमाला दावते, ते पलीकडं लिंब हाय ना, त्याच्या खालती व्हतं ते छप्पर. आन् म्होरल्या पावसाळ्यात त्याच अंगाला बाजरी केली तर मी उभी ऱ्हायले तरी दिसत न्हवते. त्या साली तात्यानं बाजारात सगळ्यांना सांगितलं, मेंढरं बसवा, मेंढरं बसवा, आन् आदी माझ्यात.

आता नातू ऊस करतोय. कालव्याचं पाणी हाय, पोत्यातलं खत हाय, ऊस जोरात. पर परवा मी बांधाकडंला बसले तर मातीत बोट जाईना. बोट जाईना, ताई, ढेकूळ नुसतं. मी त्येला म्हणलं, बाबा, ह्या मातीची पापणी वढून बघ एकदा. तो म्हणला, आजे, तुझं काय भलतंच. पर ऐकतो तसा. एका कोपऱ्यात हरभरा टाकलाय त्यानं माझ्यासाठी, आन् आमच्या भाऊबंदांची मेंढरं दोन राती बसवून घेतली.

तुमी येणार म्हणून सकाळीच एक झाड उपटून ठिवलंय. थांबा. हे बघा, मुळी हाताला लागती, गाठीबी लागत्यात, हायती चार-दोन. पर मोतीबिंदू झालाय मला, समदं राखेवानी दिसतंय, रंग कळत न्हाय. नातवाला इचारलं असतं तर माझं मन राखायला लालच म्हणाला असता. तुमाला काय पडलंय त्येचं. तुमी फोडा. नखानं फोडा, भिऊ नगा.

काय हाय? लाल हाय?

खरं सांगता ना. मग तुमचं कल्याण व्हवो, ताई. आता हात धुऊ नगा लगीच, ऱ्हाऊ द्या जरा बोटाला.