कदमाचा खरा मार्बल

हसू नका रे, ह्या वेळी माझी मलाच लाज वाटतेय. सिल्व्हर पार्कच्या आपल्या कदमाने आयुष्यभराची हौस म्हणून देव्हाऱ्याखाली पांढरा मार्बल बसवला. मी आपला खेचायला म्हणालो, "कदम्या, नकली दिलाय तुला. लिंबू पिळून बघ, खरा असेल तर फेस येईल."

वाटलं, कोपऱ्यात एखादा थेंब टाकेल. ह्या भोळ्याने मधोमध अख्खं लिंबू पिळलं आणि मला फोन केला, "आला रे फेस! खरा आहे!"

लिंबाने दगडच खाल्ला. तिथली चमक गेली ती गेलीच. वहिनी रोज पुसतात, डाग काही हलत नाही.

आणि कदम? पाहुण्यांना तोच डाग दाखवून छाती फुगवून सांगतो, "माझ्या दोस्ताने तपासून दिलाय!"