मावशींचा राणी रंग

तुमचे क्लायंट परवडले, आमच्या सुमनमावशींचं ऐका. महिला मंडळाच्या अध्यक्षा. मी मंडळासाठी हळदीकुंकवाचं कार्ड डिझाइन करून त्यांना मोबाइलवर पाठवलं, मस्त राणी रंगातलं. लगेच फोन, "अगं, हा तर विटकरी दिसतोय!"

मी रंगाचा कोड बदलून निळा वाढवला आणि कार्ड पुन्हा पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन, "आता एकदम बैंगनी, जांभळाच झाला गं!"

वैतागून लॅपटॉप घेतला आणि खासगी बाजार पेठेतल्या त्यांच्या घरीच धडकले. पहिलंच कार्ड दाखवलं.

"हाँ, हाच राणी!"

"मावशी, काल हाच विटकरी होता!"

"काल ऑपरेशनवाल्या डोळ्यावर पट्टी होती ना, आज सुटली. काल दुसऱ्या, मोतीबिंदूवाल्या डोळ्याने बघितलं, त्यातून सगळं पिवळट दिसतं."

"मग हेच पाठवू सगळ्यांना?"

"छे! ते बैंगनीच पाठव. मंडळात बाकी सगळ्यांचे मोतीबिंदू अजून तसेच आहेत."