फीत, तबकडी आणि उदबत्ती

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष वागळेसाहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले भाऊराव पेडणेकर, रुक्मिणीवहिनी आणि भांडुप कारखान्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

भाऊरावांबद्दल गोड बोलायची मला सवय नाही. संगणक विभागात आम्ही भांडतच आलो. ते चुंबकीय फितीच्या बाजूचे, मी नव्या चुंबकीय तबकडीच्या. फितीवर गोदामातल्या शेवटच्या स्क्रूची नोंद शोधायची तर आधीचा सगळा माल ओलांडत जावं लागतं. तबकडीवर थेट त्याच्यापाशी पोचता येतं. भाऊराव म्हणायचे, "प्रेमा, तुझी तबकडी नाजूक आहे गं!"

त्र्याहत्तर साली दोन्हींची चाचणी ठरली. जिंकणाऱ्या पद्धतीचा माणूस विभागप्रमुख होणार होता. चाचणी शास्त्रीय, म्हणून मुहूर्तही शास्त्रोक्त! अध्यक्षसाहेबांना आठवत असेलच. तबकडीचं झाकण उघडं असतानाच साहेबांनी उदबत्त्यांचा अख्खा जुडगा ओवाळला.

मी म्हटलं, "साहेब, धूर नको."

"देवापेक्षा मशीन मोठं झालं का, बाई?"

आता, नोंदी वाचणारं हेड तबकडीवर केसाच्या जाडीहूनही कमी उंचीवर तरंगतं. धुराचा कण म्हणजे त्याला डोंगर. मशीन सुरू झालं, करकरलं, आणि नोंदी खरवडून निघाल्या. शेजारी फीत गरगरत उत्तर देऊन मोकळी!

संचालकांसमोर साहेब म्हणाले, "ऑपरेटरची चूक. बाईंना उद्यापासून घरी बसवा."

भाऊराव जिंकले होते. नुसतं गप्प बसायचं होतं. पण ते उठले. "साहेब, चूक तबकडीची नाही, बाईंची तर नाहीच. उदबत्ती तुमची होती. चाचणी परत घ्या, बिनधुराची."

परत झाली. तबकडी जिंकली, मी विभागप्रमुख झाले. चौकशी समितीने पहिल्या अपघाताचं कारण 'हवेतील दोष' असं ठरवलं. हवेवर काही कारवाई झाली नाही. भाऊरावांची बढती मात्र कायमची थांबली.

मी त्यांना विचारलं होतं, "का बोललात हो?"

"अगं, फीत चांगलीच आहे. पण अशी जिंकलेली फीत मी कुणाला कौतुकाने दाखवली असती?"

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि इतकी वर्षं आमची भांडणं ऐकून घेणाऱ्या वहिनींचे मनापासून आभार. बोलताना काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. साहेबांनी नाही घातलं तरी चालेल. भाऊराव, तुम्ही मात्र घाला.