एका दुपारात रंगलेली गाडी

“कोणाचा विश्वास बसणार नाही, पण माझी जुनी गाडी मी घरीच रंगवली, एका दुपारात!” रंगाच्या दुकानातल्या रांगेत आजोबा म्हणाले. पुढे उभ्या मुलीने कान टवकारले. वडिलांची गाडी ती स्वतःच रंगवणार होती, तेही आयुष्यात पहिल्यांदा. आणि रविवारी त्याच गाडीतून त्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं.

“घासायला किती वेळ लागला, आजोबा?”

“घासतात ती भांडी! मी सरळ जुन्या रंगावर नवा हात मारला.”

“धूळ नाही बसली?”

“धुळीची काय बिशाद! अशी चकाकी आली, की कावळा बॉनेटवर बसून भांग पाडून गेला.”

“मग हा घासायचा कागद परत ठेवते. रविवारपर्यंत होईल ना?”

“रविवार कशाला? उद्याच!”

“ठेवू नकोस गं बाई,” आजोबांच्या मागून आजी म्हणाल्या. “अहो, खरं सांगा की पोरीला! धूळ नको म्हणून ओल्या रंगावर माझी चादर पांघरलीत, ती अजून बॉनेटला चिकटलीय. तीच खरवडायला आपण डझनभर कागद न्यायला आलोय!”