चकव्याच्या नाल्यावर कुट्टी

ऐका! जवळ सरकून बसा, अंधाराकडे पाठ करू नका.

गेल्या माघात, दिवेलागण होऊन गेल्यावर, मी सुपडूकाकांच्या ट्रॅक्टरवर चढले. मागे केळीच्या खांबांची कुट्टी करणारं यंत्र जोडलेलं. निघालो कुठे? चकव्याच्या नाल्यावर! घड उतरला की खांब तोडायचा आणि रात्री गुपचूप तिथे फेकायचा, ही आपल्या गावाची रीत. दिवसा कोण फेकेल? चारचौघं बघतात ना! साचत साचत डोंगर झाला. ओला, कुजका. आणि त्यात राहायला आला चकवा.

यंत्र आम्हाला एकच रात्र मिळालेलं. पहाटे ते पुढच्या गावाला जाणार. "याचं खत होतं," असं मी शेतीची पदवी घेऊन आल्यापासून सांगत होते, आणि गाव हसत होतं. सरपंच म्हणाले होते, "सकाळी कुट्टीचा ढीग लागलेला दाखव. नाहीतर खताचं नाव पुन्हा काढायचं नाही!"

निघालो. एक बाभूळ गेली. थोड्या वेळानं पुन्हा बाभूळ. पुन्हा तीच!

"पोरी," काका म्हणाले, "हे झाड आपल्याबरोबर चालतंय का काय?"

"काका, डोळे सोडा. नाकानं चला!"

कुजक्या खांबांच्या वासामागे गेलो आणि नाल्यावर पोचलो. तेवढ्यात काठावरून काकूंचा आवाज. अगदी त्यांचाच! "सुपडू, घरी चला, जेवण निवतंय!"

काका उतरणारच होते. थबकले. मग असे भडकले! "लबाडा! चाळीस वर्षांत तिनं माझं नाव तोंडातून काढलं नाही!"

आणि ऐका, तो ढीग उभा राहिला! ताडाएवढा. खांबांचे हात, वाळल्या पानांच्या जटा. "एक खांब हलवू देणार नाही!"

काकांनी यंत्र सुरू केलं. घर्रर्र! मी एक खांब उचलला, यंत्राच्या तोंडात सारला. चिंधड्या! चकव्याचं एक बोट गेलं. दुसरा सारला. दुसरं गेलं. तो ओरडला, वाकला आणि त्यानं माझ्या ओढणीचं टोक धरून यंत्रात घातलं!

हसू नका. गळा आवळला. पाती हातभर अंतरावर. मी ओढली जातेय, ओढली जातेय...

काकांनी इंजिन बंद केलं.

पाती थांबली. अर्धी ओढणी पात्यांत, अर्धी गळ्यात. ओढणी घालून यंत्रावर उभी राहिले, ही चूक माझीच. ती सोडून फेकली, पदवीसुद्धा तिथेच विसरले, आणि ओरडले, "काका, करा सुरू!"

मग थांबलोच नाही. घरघर ऐकून गाव कंदील घेऊन धावत आलं. ज्यांनी खांब फेकले होते, तेच उचलायला लागले! बायकांनी शेणकाला आणला, थरावर थर घातले. चकवा कमरेएवढा झाला, गुडघ्याएवढा झाला. तांबडं फुटलं तेव्हा मांजराएवढा होऊन नाला ओलांडून पळाला!

सरपंचांनी ढीग बघितला, टोपी काढली. पावसाच्या तोंडावर त्याचं काळंभोर खत झालं, आणि पहिली पाटी त्यांनीच मागितली.

तर सांगून ठेवते. खांब घेऊन त्या वाटेनं रात्री कधी जाऊ नका. चकवा आता नाही तिथे.

मी असते!