पिंपात कुणीच नाही

...आणि वर मलाच म्हणतात, 'लिंबूच तर होतं, उचलून टाकायचं!' अहो, उचलून टाकायचं! बोलणाऱ्याचं काय जातं? तुम्हाला सांगतो, ते लिंबू तुम्ही पाहिलं असतंत ना, तर तुम्हीही दारातूनच माघारी फिरला असतात. झाडावरून पडलं, एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले, जिथं पडलं तिथंच, जसं पडलं तसंच! पिवळंधमक, तुकतुकीत, ना डाग, ना बुरशी, ना एक सुरकुती... रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी गॅलरीच्या दारात जायचो आणि ते आपलं तिथं बसलेलं, माझीच वाट बघत असल्यासारखं. मेलेल्या वस्तूनं मेल्यासारखं वागावं की नाही? सडायला नको का हो?

थांबा, आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस लिंबाला काय घाबरतो. मी इस्पितळात आहे. डॉक्टर नव्हे, आमचं काम तळघरात. वर ऑपरेशनं होतात, आणि मग त्या सगळ्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या खाली माझ्याकडे येतात. मी त्या धुतो, दुहेरी कापडात बांधतो, वर एक चिकटपट्टी लावतो आणि वाफेच्या यंत्रात घालतो. त्या पट्टीवर फिकट रेघा असतात, वाफ नीट बसली की काळ्या होतात. रेघा काळ्या म्हणजे आत जिवंत काही नाही. एक जंतूसुद्धा नाही! एकतीस वर्षं हेच करतोय आणि माझ्या एकाही गाठोड्याची तक्रार नाही, काय समजलात? आता एकतीस वर्षांत माणसाला सवय लागणारच. मी घरातही कोपरापर्यंत हात धुतो. बायको ओरडते, 'अहो, जेवायला बसायचंय, ऑपरेशनला नाही!'

तर हे झाड बायकोचं. म्हणजे सासूबाईंचं. त्यांनी बी लावून वाढवलेलं, अर्ध्या कापलेल्या पिंपात, त्यांच्या परसातल्या मातीत. सासूबाई गेल्या, घर विकलं गेलं, आणि बायकोनं त्या अख्ख्या घरातलं काही म्हणजे काही मागितलं नाही, एवढं झाड मागितलं. चार हमालांनी ते आमच्या काचबंद गॅलरीत आणून ठेवलं. रोज सकाळी ती स्टूल घेऊन त्याच्याजवळ बसायची आणि बोलायची. आईशी बोलावं तसं. काय बोलायची ते नीट ऐकू यायचं नाही, मधूनमधून नुसतं 'हे' ऐकू यायचं, आणि 'हे' म्हणजे मी, एवढं मला कळत होतं.

एक दिवस पाणी घालता घालता मी जरा माती उकरली. उकरायला नको होती! आत काय नव्हतं ते विचारा. गांडूळ. पांढरे धागे, कोळिष्टकासारखे, सगळ्या मातीतून पसरलेले. टाचणीच्या टोकाएवढे उड्या मारणारे किडे, आणि हात लागला की वेटोळं करून बसणारं एक काहीतरी, ज्याचे पाय मोजायची माझी छाती झाली नाही. आणि माझी बायको रोज तिथं तोंडाशी तोंड लावून बसते! मी म्हटलं, हे चालायचं नाही. आपण तळघरात जगाचं सामान निर्जंतुक करतो आणि आपल्याच घरात हा बाजार?

नेमकी बायको भाचीच्या बाळंतपणाला गेली, पंधरा दिवस. झाड उपटलं, मुळं नळाखाली धरून ब्रशानं घासली, पान न् पान पुसलं. गॅलरीच्या काचा स्पिरिटनं पुसल्या, फटी बुजवल्या. आणि माती? माती मी इस्पितळात नेली! पिशव्या पिशव्या करून, दुहेरी कापडात बांधून, वर पट्टी लावून! आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, 'हे कुठल्या डॉक्टरांचं सामान?' मी म्हटलं, 'स्पेशल सेट.' 'एवढा जड?' म्हटलं, 'हाडांचं ऑपरेशन आहे.' एकशे एकवीस डिग्री, आणि एकदा नव्हे, तीनदा! प्रत्येक पिशवीवर काळ्याकुळकुळीत रेघा. माती परत पिंपात भरली, झाड लावलं, आणि तुम्हाला सांगतो, इतकी स्वच्छ माती मी जन्मात पाहिली नव्हती. तिला वाससुद्धा नव्हता.

बायको आली. खूश झाली. 'किती चकचकीत ठेवलंत हो सगळं!' मी छाती फुगवून उभा. मातीबद्दल? मातीबद्दल कशाला सांगायचं, तिनं विचारलं नाही, मी बोललो नाही.

आणि मग ते सुरू झालं. म्हणजे काय सुरू झालं? काहीच सुरू झालं नाही, तीच तर गोष्ट आहे! पान गळलं, पडून राहिलं. दुसरं गळलं, त्याच्या शेजारी. पंधरा दिवसांनी बघतो तर दोन्ही तशीच, जणू कुणी मांडून ठेवलीत. एक फुलपाखरू कुठून तरी आत आलं, उताणं पडलं, मेलं, आणि पंख पसरून तसंच राहिलं. मग एक पाल मेली, काचेच्या कोपऱ्यात. आता पाल मेल्यावर काय होतं? दोन दिवसांत मुंग्या येतात, वास येतो, घरात बोंबाबोंब होते. इथं मुंगी नाही, वास नाही. पाल आपली डोकं वर करून बघतेय. आठवडा झाला, बघतेय. महिना झाला, बघतेय! मी जागा बदलून पाहिली, खुर्चीवर बसलो तरी बघतेय, दारात उभा राहिलो तरी बघतेय... अहो, सडायला नको का?

सडण्याची वाट बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय कधी? मी होतो! मी, एकतीस वर्षं तळघरात काढलेला माणूस, रोज वाकून वाकून लिंबावर एखादा काळा ठिपका शोधत होतो. भर दुपारी ऊन आत यायचं, सगळी पानं जमिनीवर चमकायची, आणि इतकी शांतता असायची तिथं, की स्वतःचा श्वास आगाऊपणा वाटायचा. मरण येऊन गेलंय आणि पुढचं काही होत नाही, अशी ती जागा झाली. वस्तू मरत होत्या, पण जात नव्हत्या.

आणि झाड? झाड पिवळं पडायला लागलं. ऊन भरपूर, पाणी वेळेवर, तरी पिवळं. बायकोनं पाणी कमी केलं, वाढवलं, जागा बदलली. मग ती त्याच्याशी बोलायची थांबली. नुसती बसून राहायची. एक दिवस माझ्याकडे न बघताच म्हणाली, 'आई रागावलीय माझ्यावर. शेवटी शेवटी मी फार कमी जायचे ना तिच्याकडे.' मी काय केलं? हात धुवायला गेलो. बोलायला तोंड होतं का मला? त्या दिवसापासून तिनं मला ओरडणंही बंद केलं. हात अर्धा तास धुतले तरी चकार शब्द नाही. मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

मग तिचा भाऊ आला. हा कॉलेजात पर्यावरण शिकवतो, आणि कॉलेज सुटलं तरी शिकवतच असतो. गॅलरीत शिरला आणि दारातच थबकला. पाल बघितली, पानं बघितली, चिमूटभर माती नाकाशी धरली. 'दाजी,' म्हणाला, 'हिला वास का नाही?' खिशातून भिंग काढलं, मातीवर वाकला, बराच वेळ वाकूनच राहिला. मग सरळ झाला, आणि त्याचा आवाज बारीक झाला होता. 'दाजी, पिंपात कुणीच नाही.'

'कुणी म्हणजे?'

'कुणीच. अहो, चमचाभर मातीत जगभर माणसं नसतील एवढे जीव असतात. इथं एक नाही.' आणि मग झाला सुरू! 'ऊन झाडाला ताकद देतं दाजी, पाणी तहान भागवतं, पण जेवण कुठून येतं? पडलेल्या पानातून! गांडूळ पानाचा चुरा करतं, बुरशी तो पचवते, जंतू उरलंसुरलं मुळाच्या तोंडाशी आणतात, मूळ खातं, नवं पान फुटतं. हे एकदा नाही, सारखं चालतं. पृथ्वीवर नवीन सामान येतच नाही कुठून, तेच तेच फिरतं. आज या पानात जे आहे ते काल कुठल्या तरी गाईत होतं, त्याच्या आधी कुणा माणसात...'

'आईतलंसुद्धा?' बायको दारात उभी होती. तो हळूच म्हणाला, 'तिनं त्याच मातीत हात घातले ना ताई, वीस वर्षं. पण इथं ते फिरणं थांबलंय. कोठीघर भरलेलं आहे आणि दार उघडणारं माणूस नाही, घरातले उपाशी मरतायत. कुणी काय केलं या मातीला?'

'मीच काहीतरी केलं असणार,' बायको म्हणाली. 'मला सांभाळता आलं नाही.'

आणि मी गप्प! एकही तक्रार नसलेला माणूस, भिंतीला टेकून, गप्प! लाज वाटली हो मला, सरळ सांगतो. मेहुण्याला जिन्यात गाठलं आणि विचारलं, 'उपाय काय?' म्हणाला, 'जिथं सडतंय तिथून बादलीभर आणा.'

तसाच बादली घेऊन सासूबाईंच्या जुन्या घरी गेलो. आता तिथं एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. दार उघडलं तर गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. म्हटलं, 'बाई, तुमच्याकडे थोडं सडकं आहे का?' त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या. 'काय आहे का?' 'सडकं. कुजलेलं. कसंही चालेल.' त्या म्हणाल्या, 'माणूस बरा दिसतोय...' आणि परसाकडे बोट दाखवून दार लावून घेतलं. आतून कडी घातलेली मी ऐकली.

परसात पालापाचोळ्याचा ढीग होता, सासूबाईंच्या वेळेपासूनचा. खोरं आणायला विसरलो होतो. शेवटी डोळे मिटून हात घातला, कोपरापर्यंत. आणि तुम्हाला सांगतो, तो ढीग गरम होता! वर ऊन नाही, खाली चूल नाही, आणि आतून गरम, तापलेल्या माणसाच्या अंगासारखा. हाताभोवती काहीतरी हललं, मग पलीकडे आणखी काहीतरी हललं. माझ्या तळघरातली उष्णता सगळं मारते, आणि ही उष्णता त्यांच्या जगण्याचीच होती! किती होते ते आत, आणि सगळे कामावर. घाम फुटला मला, पण हात बाहेर काढावासा वाटेना, तिथल्या तिथे रडू आलं. बादली भरली, घरी आणली, बायकोदेखत पिंपात ओतली. तिनं विचारलं, 'हे काय?' म्हटलं, 'खत.' अजूनही हिंमत झाली नव्हती.

नवव्या दिवशी लिंबावर हिरवा ठिपका आला. मी ओरडलो, 'अगं ये! सडलं! लिंबू सडलं!' शेजारचे दारात आले, त्यांना वाटलं काहीतरी बरंवाईट झालं. मुंग्यांची रांग कुठून आली देव जाणे, पालीला घेऊन निघून गेली, आणि पाल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत माझ्याकडेच बघत होती. पानं काळी पडली, मऊ झाली, मातीला पावसासारखा वास आला. आणि एका फांदीच्या टोकाला नखाएवढा कोंब! बायको त्या कोंबाला बोट लावून म्हणाली, 'आईनं माफ केलं मला.'

आता मात्र राहवेना. सगळं सांगितलं. पिशव्या, पट्ट्या, एकशे एकवीस डिग्री, तीनदा. ती ऐकत होती, डोळ्यांची पापणीही न हलवता. मी थांबलो. तिनं विचारलं, 'म्हणजे आई रागावलीच नव्हती?'

म्हटलं, 'नाही गं. कधीच नाही.'

तिनं एवढा मोठा श्वास सोडला, डोळे पुसले, छान हसली सुद्धा. मला वाटलं, सुटलो! मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, 'बरं झालं. म्हणजे आता मी रागवायला मोकळी.'

आज अकरावा दिवस आहे. मी ऐकतोय.